डिझेलच्या नळीवरचा अंगठा

सोनगीरच्या किल्ल्याची सावली दिवस मावळताना जिथवर पोचते, त्या शिवारात एक घर होतं. घरात दोन भाऊ. मोठा पितांबर, धाकटा भटू. पितांबरची बायको दिपमाला, त्यांची लेक मोहिनी. भटूचं लग्न नव्हतं. आणि दारात एक छोटा ट्रॅक्टर, बैलजोडीएवढा, मागं माती भुसभुशीत करणारा, फिरत्या पात्यांचा रोटावेटर लावलेला. एवढंच घर. मी त्या घरचं पाणी प्यायले आहे म्हणून सांगते. जे मी पाहिलं नाही, ते माझ्या धाकट्या भावानं पाहिलं. कौतिकनं. फाट्यावर त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. तो खोटं बोलत नाही. तेवढी अक्कलच नाही त्याला.

गेल्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. उपास सोडून कौतिक माझ्याकडेच जेवला. रात्री पावणेदहाला उठला, खिशात डिझेलची नवी नळी घातली, मोटरसायकलला किक मारली.

"आता कुठं रे?"

"भटूच्या वावरात. ट्रॅक्टर परत बंद पडला. सकाळी पाटाचं पाणी येणार आणि त्याचं अर्धं रान तसंच पडलंय. पाणी चुकलं तर गहू नाही, आणि गहू नाही तर वहिनी लेकीला घेऊन माहेरी जाईन म्हणते."

आता मागचं सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही.

त्याच्या आदल्या साली, त्याच वावरात, पितांबर गेला. कपाशी निघाली होती, तिच्या पऱ्हाट्या, वाळली झाडं, मोडून रोटावेटर चालू होता. अर्धा एकर झालं की पऱ्हाट्या पात्यांना गुंडाळतात, मग त्या हातानं ओढून काढाव्या लागतात. पाती थांबवायचा दांडा मोडलेला. क्लच दाबून धरला तरच पाती थांबत. पितांबर मागं उतरला आणि क्लच धरायला सीटवर भटूला बसवलं. भटू चार दिवसांपूर्वी सुरतेहून आलेला. मोटरसायकलपलीकडे त्यानं काही चालवलं नव्हतं.

पाय सटकला.

पहिल्या फेऱ्यात पितांबरचं धोतर गेलं, दुसऱ्यात पाय. तो ओरडत होता, बंद कर, बंद कर! आणि भटूनं काय करावं? मोटरसायकलसारखी किल्ली फिरवली. अरे, डिझेलचं इंजिन ते! किल्लीनं बंद होत नाही. बंद करायची तार ओढावी लागते, मग डिझेल तुटतं. भटू किल्ली फिरवतोय, फिरवतोय. शेवटी किल्ली उपटून फेकून दिली. इंजिन चालूच. पाती कंबरेपर्यंत आली. शेजारच्या वावरातून माणसं धावत येईपर्यंत ओरडणं थांबलं होतं. इंजिन थांबलं नव्हतं.

गोळा करून आणलं पितांबरला. गोधडीत. उजवा हात तेवढा अख्खा होता. त्याचा तो अंगठा अर्धाच होता, लहानपणी कडबा कापायच्या कुट्टीयंत्रात गेलेला. त्यावरूनच दिपमालानं ओळखलं.

तेराव्याला तिनं सगळ्यांसमोर भटूवर विळा फेकला. कपाळ फाटलं. "यानी मारं! वावर पाहिजे व्हतं याले!" भटूनं रक्तसुद्धा पुसलं नाही. "वहिनी, पाय सटकना," एवढंच म्हणाला. पोलिसांनी अपघात लिहिला. गावानं नाही लिहिला. वर्षभर दिपमाला त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. भाकर उंबऱ्यावर ठेवायची. कुत्र्याला ठेवतात तशी.

आणि ट्रॅक्टर बिघडला. दुकानात दिवसभर चाले. वावरात गेला की अर्धा एकर झाल्यावर गपकन बंद. डिझेल येईना.

"टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असंल," कौतिक म्हणाला. भोकातून हवा आत गेली नाही तर टाकीतून डिझेल खाली उतरत नाही. त्यानं सुईनं भोक मोकळं केलं. परत बंद. फिल्टर बदलला. परत बंद. टाकी उतरवून गंज धुतला, फडक्यानं डिझेल गाळलं, स्क्रू ढिला करून नळीतली हवा काढली. परत बंद.

"भटू, तुन्हा ट्रॅक्टरनी माले येडं करी टाकं."

"नाना, मन्हं नशीबच तसं शे."

तर त्या गुरुवारी कौतिक वावरात पोचला. चंद्र नव्हता. ट्रॅक्टर मधोमध उभा. भटू बॅटरी धरून. आणि बांधावर दिपमाला, डोक्यावरून पदर, हातात काठी. वावर तिचंही होतं. भटूवर सोडून ती घरी बसणार नव्हती.

कौतिकनं नळी फिल्टरकडून सोडली. थेंब नाही. टाकी भरलेली, तरी थेंब नाही. मग मेकॅनिक करतात तेच त्यानं केलं. नळीला तोंड लावलं आणि टाकीकडे फुंकलं.

आत बुडबुडे आले. बरं वाटलं त्याला. परत फुंकलं.

आणि पलीकडून कुणीतरी फुंकलं.

कौतिक म्हणतो, हवा नव्हती ती, अक्का. श्वास होता. गरम. तोंड भरून आलं. थुंकला, तर डिझेलची चव नाही. लोखंडाची. ओठ फुटल्यावर लागते ती.

बॅटरी मारून पाहिलं. डिझेलच होतं.

त्यानं तोंड पुसलं. जुनी नळी काढून फेकली, नवी बसवली, हवा काढली, हँडल मारलं. इंजिन लागलं. भटूनं घाईघाईनं रोटावेटर खाली सोडला. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं... चाललं. मग पऱ्हाट्या गुंडाळल्या.

कौतिक ओरडला, "बंद करून काढ!"

"नको नाना! बंद झाला की परत हवा घेई. परत तास जाई. पाणी येई ऱ्हायनं."

"मग क्लच?"

"लाकूड अडकाडस मी. पण ते सटकस. तुम्ही बसा ना."

कौतिकचे हात डिझेलनं माखलेले. तो फडकं शोधत मोटरसायकलकडे वळला. तेवढ्यात बांधावरून आवाज आला.

"मी बसस."

वर्षातला पहिला शब्द.

भटूला रडूच आलं म्हणे. अंधारात दिसत नव्हतं, पण आवाजावरून कळलं. "बसा, वहिनी... बसा. तो डावा पाय. दाबी धरा. बस, तेवढंच."

दिपमाला चढली. काठी खाली टाकली. डावा पाय दाबला. पाती थांबली.

भटू मागं गेला. गुडघ्यावर बसला. दोन्ही हात पात्यांत घातले.

इंजिन चालू.

कौतिकनं वळून पाहिलं. बॅटरीच्या उजेडात तिचा चेहरा दिसला. ती मागं बघत होती. भटूकडे नाही. जमिनीकडे. जिथं पितांबर...

मग तिचा पाय वर आला.

हळू. जाणून.

पाती फिरली. भटूनं हात ओढून घेतले, पण मांडी सापडली. हाडावर लोखंड वाजलं. "बंद कर! बंद..."

भटूची हाक. पितांबरची होती तीच.

आणि...

बंद.

अर्धाच फेरा. पातं मांडीत रुतलेलं. इंजिन गप्प. सगळं शिवार गप्प. दिपमालाचा पाय अजून वर. किल्ली जागेवर. तार कुणी ओढलेली नाही.

कौतिक धावला. आधी भटू. पातं उलटं फिरवून पाय सोडवला, अंगातला सदरा फाडून बांधला. मग बॅटरी इंजिनवर मारली. का मारली, त्याला माहीत नाही.

अर्ध्या तासापूर्वी बसवलेली नवी नळी. मधोमध चपटी झालेली. एका बाजूनं बोटाचा ठसा. दुसऱ्या बाजूनं अंगठा.

अर्धा.

दिपमाला खाली उतरली होती. तिनंही पाहिलं. तोंडात पदर कोंबला आणि तशीच ढेकळांत बसली.

भटूला जीपमध्ये घालून धुळ्याला नेलं. वाटेत कौतिकनं विचारलं, "भटू, वर्षभर ट्रॅक्टर बंद पडे, तव्हय तू कोठे ऱ्हाये?"

"मांगे. पऱ्हाटी काढाले उतरेल."

"दर टायमाले?"

भटूनं बांधलेल्या मांडीवर हात ठेवला. "...दर टायमाले."

आणि एक गोष्ट कौतिकनं मला नंतर सांगितली, ती ऐका. नळी दाबली तरी इंजिन लगेच मरत नाही. फिल्टरमध्ये डिझेल उरतं, त्यावर मिनिट-दोन मिनिटं चालतं. इथं तर पाय उचलला आणि गपकन बंद. म्हणजे नळी आधीच कुणीतरी धरून ठेवली होती. दिपमाला सीटवर चढली, तेव्हापासून. तिच्या मनात काय होतं ते त्या धरणाऱ्याला तिच्या आधी कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ती भटूच्या खाटेशी उभी राहिली. मी तिथंच होते, डबा घेऊन गेलेली. म्हणाली, "मन्हा पाय सटकना नही. मी उचला."

"माले माहीत शे, वहिनी." भटूनं छताकडे बघत सांगितलं. "मन्हा मातर सटकेल व्हता."

ती खाली बसली. डबा उघडला. भाकर मोडली आणि पहिला घास त्याच्या हातात दिला.

पाणी चुकलंच नाही. धुळ्याहून रातोरात परतून कौतिकनं आणि मोहिनीनं मिळून पहाटेपर्यंत उरलेलं रान काढलं होतं. त्या साली गहू असा आला की घरात कोठ्या पुरेनात. भटू लंगडतो, पण त्याचं लग्न जमलं, भुसावळची मुलगी. दिपमालानंच पाहिली. चूल एक झाली. मोहिनी धुळ्याला आयटीआयत ट्रॅक्टर दुरुस्ती शिकते. दांडा तिनंच बसवला, आणि इंजिन चालू ठेवून मागं जायचं नाही असा घरात कायदाच केला. त्या रात्रीनंतर ट्रॅक्टर एकदाही बंद पडला नाही.

फक्त ती नळी. चपटी झालेली नळी कौतिकनं त्याच रात्री बदलली होती. आठ दिवसांनी मोहिनीनं त्याला हाक मारली. नव्या नळीवर तोच ठसा.

आत्तापर्यंत चार नळ्या झाल्या. दर नळीवर येतो. पण आता दाबलेला नसतो. हलका असतो... नुसता हात ठेवल्यासारखा.