तारामावशींचा टोप

एकाच बाईला तीन महिन्यांत तीन आजार होतात कसे? दुपारचे तीन वाजले तरी डॉक्टर रेगे याच कोड्यापाशी अडले होते. सकाळपासूनचा हा एकोणचाळिसावा रुग्ण. डॉक्टरांची पाठ धरली होती, हात थरथरत होते. सुट्टीत आलेल्या नातीने, शर्वाणीने आणलेला डबा टेबलावर तसाच होता.

ही गोष्ट सन २०७१ची. दवाखान्यातल्या ‘शोधक’ नावाच्या यंत्रमानवाने समोरच्या तारामावशींना केव्हाच तपासलं होतं. पोटात कळा येतात, म्हणजे आतड्यात अडथळा. चेहरा पांढराफटक, म्हणजे रक्तक्षय (रक्तातल्या तांबड्या पेशी कमी होणे). मनगट लुळं पडतं, म्हणजे नस दबलेली. तीन आजार, तीन तज्ज्ञ. पोटाची शस्त्रक्रिया तर उद्या सकाळीच ठरली होती. मावशी भेदरून पदराचं टोक पिळत होत्या.

“आजोबा, एकेका अवयवाचं शोधकला सगळं ठाऊक आहे. मग तुम्ही मेडिसिनच का घेतलंत?”

मेडिसिन म्हणजे कापाकापी न करता सगळ्या शरीराचा एकत्र विचार करणारी शाखा. हल्ली डॉक्टरांना स्वतःलाही हाच प्रश्न सतावी. त्यांनी थकल्या आवाजात सांगितलं, की शिकाऊ असताना पोटदुखीच्या एका रुग्णाच्या शस्त्रक्रियेत ते मदतीला होते. पोट उघडलं, तर आत सगळं ठीक. तो माणूस जुन्या बॅटऱ्या फोडायचं काम करी. त्यांतलं शिसं अंगात भिनलं होतं.

“काम काय करता, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. त्या दिवशी ठरवलं, आपण विचारणारा डॉक्टर व्हायचं.”

बोलता बोलता ते थबकले. पोट, रक्त, नसा. शिसं तिन्हींना छळतं. पण मावशी तर घरी बसून गोधड्या शिवत.

“मावशी, जेवायला काय करता? आणि कशात?”

“कोकमाचं सार, रोजचंच. आईच्या पितळी टोपात. उरलं की सकाळी तेच.”

“टोपाला कल्हई कधी केलीत?”

“माघातल्या जत्रेत. स्वस्तात करून दिली हो त्याने.”

कल्हई म्हणजे भांड्याला आतून दिलेला कथलाचा मुलामा. कथील महाग, शिसं स्वस्त. त्यात शिसं मिसळलं, तर आंबट सारात ते रात्रभर उतरत राहतं. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. अर्ध्या तासात उत्तर आलं: शिसं, तेही भरपूर. सर्जनशी बोलून त्यांनी उद्याची शस्त्रक्रिया रद्द केली. शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध मावशींना मिळालं.

“टोप टाकायचा का हो? आईचा आहे.”

“कशाला? शुद्ध कथलाची कल्हई करून घेऊ. तोवर स्टीलचं पातेलं वापरा.”

मावशी डोळे पुसत गेल्या.

“माझ्या प्रश्नावलीत टोप नव्हता,” शोधक म्हणाला.

शर्वाणीने तो लगेच घालायला सांगितला. डॉक्टरांनी मान हलवली. “टोप घालून भागणार नाही. पुढच्याच्या घरी निराळंच काही असेल. आधी सबंध माणूस बघायचा.”

चाळिसावा नंबर पुकारायचा सोडून शोधक डॉक्टरांकडे वळला.

“डॉक्टर, तुमचे हात बारापासून थरथरताहेत. सकाळपासून काय खाल्लंत?”

शर्वाणीने डब्याचं झाकण उघडलं.