नाकतोड्याची कात

"बगा मॅडम, एकूण एक मेलाय!"

बाजरीच्या पानांना लटकलेले नाकतोडे दाखवत तो छाती फुगवून म्हणाला. मी राहुरीला कीटकशास्त्र शिकते, म्हणून शेवगावकडच्या रानांत कीड बघत हिंडत होते. आणि हा अमृत, रानाचा मालक, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन माझ्यापुढे हिरो झाला होता. वर भरून आलेलं आभाळ, आणि त्याचे ते डोळे... असो.

मी एक नाकतोडा अलगद काढून त्याच्या तळहातावर ठेवला. फुंकर मारली. नुसतं टरफलच भुर्रकन उडालं!

"मेला नाही हो, कात टाकून पळाला. ही त्याची रिकामी कात."

तो ओशाळून हसला. हसला की गालाला खळी पडते मेल्याच्या!

"कात? सापावानी?"

"सापाला आत पाठीचा कणा असतो. याला आत हाडच नाही, म्हणून हा अपृष्ठवंशीय. याचा सांगाडा बाहेरून, हे टरफल. ते वाढत नाही. मोठं व्हायचं तर टाकावंच लागतं."

"आन् टाकल्यावर?"

"नवं टरफल कडक होईस्तोवर मऊ असतो. कुणीही मटकावेल."

"मग तवर त्याला जपायचं कुनी?" त्यानं माझ्याकडेच बघत विचारलं.

माझे कान तापले. त्यानंतर त्या रानात मी फार वेळा गेले... कीड काही एवढी नव्हती!

माझे आई-आबा ऊसतोडीला निघायच्या आत अमृत त्याच्या आईला, रतनबाईंना घेऊन मला बघायला आला. उसावर कोयते चालवून आबांनी मला शिकवलं होतं. शिक्षण सुटणार असेल तर लग्न नको, हे माझं पक्कं होतं. अगदी अमृत असला तरी!

पोहे संपवून रतनबाई म्हणाल्या, "पोरगी गोड हाय. पन लग्नानंतर हे किड्यांचं शिक्षान कशाला?"

आबांची मान खाली गेली. माझं डोकंच फिरलं.

"आता मी मुलाला प्रश्न विचारते," मी म्हणाले. "कीटकांना अपृष्ठवंशीय का म्हणतात?"

मुलीनं विचारायची आमच्यात रीतच नाही!

अमृत सावरून बसला. "त्यास्नी पाठीचा कणा नसतो. आत हाड न्हाई, सांगाडा वरून. वाढायचं तर तो टाकावा लागतो, आन् तवर..." तो आईकडे वळला. "आई, हिला शिकू द्यायचं. तवर मी जपतो. कबूल आसंल तरच सुपारी फोडू."

रतनबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग खुदकन हसल्या. "एवढं पाठ बारावीला केलं न्हाईस रे कदी! शिक गं बाई, शिक. ह्यालाबी शिकीव."

ऊसतोडीच्या मुकादमापुढे कायम वाकलेली आबांची मान वर आली. "माझी पोर हाय ती," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

मी लाजले. हो, लाजलेच! पण मान ताठ ठेवूनच म्हणाले, "उत्तर बरोबर आहे... फोडा सुपारी."