तिमोरच्या पाहुण्याचा ताईस

प्रीतम लोपीसला त्याच्या बायकोनं चपलांवरून ओळखलं. चेहऱ्यावरून ओळखावं असं मारणाऱ्यानं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

सातिवलीच्या गोदामात, पुठ्ठ्याच्या खोक्यांमध्ये तो उताणा पडला होता. नाक आत गेलेलं, एक डोळा फुटलेला, शेजारी रक्तानं माखलेला लोखंडी पाना. तेवढ्यानंही मारणाऱ्याचा जीव निवला नव्हता. गळ्याभोवती लाल-काळ्या विणीचं जाड कापड करकचून आवळलेलं होतं.

इन्स्पेक्टर ज्ञानदा चुरी गुडघ्यांवर बसली. प्रेताच्या दातांत मांसाची बारीक चिंधी अडकली होती.

"जीभ चावली गेली असेल, मॅडम," हवालदार काशीराम म्हणाला.

"डॉक्टर बघतील."

तिनं मान हलकेच वळवली. मागं कापडाला गाठ नव्हती. दोन्ही टोकांना मिळून पीळ दिला होता आणि ती आवळलेल्या घडीखाली खोचून टाकली होती. तिनं त्या पिळाचे जवळून फोटो काढायला लावले.

गोदामाचा मालक परेश दारातच उभा होता. "मॅडम, हा तर ताईस! त्या तिमोरच्या पाहुण्याचा, त्यांच्याकडचा विणलेला शेला. काल सत्काराला त्याच्याच खांद्यावर होता."

तिमोर-लेस्ते. मुठीएवढा देश. नुकताच आसियानमध्ये शिरलेला, जगभर मित्र शोधत फिरणारा. पोर्तुगीज तिथंही होते आणि वसईतही, म्हणून दिल्लीच्या वकिलातीतून डोमिंगोस सोआरेस नावाचा अधिकारी इथं मानद वाणिज्यदूत म्हणून कुणाला नेमावं ते बघायला आला होता. त्या पदावर डोळा ठेवून त्याची सरबराई करत होते परेश आणि पानवेलींचा बागायतदार तुळशीदास राऊत. दुभाषा होता प्रीतम. चर्चची जुनी कागदपत्रं वाचता यावीत म्हणून तो हौसेनं पोर्तुगीज शिकला होता आणि वसईत ती भाषा बोलणारा दुसरा कुणी सापडला नव्हता. सत्कारानंतर डोमिंगोस आणि प्रीतमला एकमेकांवर तावातावानं ओरडताना शंभर लोकांनी बघितलं होतं. काय बोलले, ते कुणालाच कळलं नव्हतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन.

"चुरी, त्याच्याकडे राजनैतिक पासपोर्ट आहे. अटक नाही, झडती नाही, अंगाला हात लावायचा नाही. संध्याकाळी तो विमानात बसेल. फाईल बंद."

"आणि खून त्यानं केलेला नसला तर?"

"तर कुणी केला, ते संध्याकाळपर्यंत सांगा."

रोवेनानं, प्रीतमच्या बायकोनं, हे ऐकलं होतं. "म्हणजे माझ्या नवऱ्याला गुरासारखं मारायचं आणि वर विमानात बसून जायचं? वा! काय कायदा आहे तुमचा!"

ज्ञानदा तिला घेऊन पाहुण्याच्या हॉटेलकडे निघाली. तिला चीड आली होती, ती स्वतःचीच.

हॉटेलच्या हॉलमध्ये डोमिंगोस, परेश आणि तुळशीदास तिघंही बसले होते. आत शिरताच रोवेना डोमिंगोसवर झेपावली. नखांनी त्याचा गाल फाडला, छातीवर गुद्दे घातले. काशीरामनं तिला ओढेपर्यंत त्या माणसानं हातसुद्धा वर केला नाही. गालावरून रक्त ओघळत होतं.

"मी विमानात बसणार नाही," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. त्यानं आपणहून बाह्या वर केल्या, हात उलटसुलट दाखवले. एक ओरखडा नव्हता. "आम्ही थोडी माणसं आहोत, मॅडम. मी खुनी ठरलो तर माझा देश खुनी ठरतो. विचारा काय विचारायचं ते."

"प्रीतमशी भांडण कशावरून झालं?"

"तो म्हणाला, इथला कुणीतरी आमच्या देशातल्या नोकऱ्यांचं आमिष दाखवून पोरं पाठवतो. ती आमच्याकडे पोचतच नाहीत. भलत्याच देशात कोंडून त्यांच्याकडून फोनवरून लोकांना फसवायचं काम करून घेतात. विघ्नेश नावाचा पोरगा तिथं मार खाऊन मेला. मी खवळलो. आमचं नाव कोण बदनाम करतंय, म्हणून ओरडलो."

"कोण पाठवत होतं?"

"चारचौघांत नको, उद्या सांगतो म्हणाला."

"ताईस कुठं होता?"

"उकडत होतं, म्हणून गाडीत काढून ठेवला. उतरताना राहून गेला."

"गाडी कोणाची?"

"माझी," परेश चाचरत म्हणाला. "पण तुळशीदासशेठपण होते मागच्या सीटवर. पाहुण्यांना सोडलं, मग शेठना त्यांच्या वाडीवर. मी बोळिंजला घरी गेलो."

"गोदामाची किल्ली?"

"बाहेर खिळ्यावर असते. सगळ्यांना माहीताय."

तुळशीदासनं सुस्कारा सोडला. "मॅडम, आमची उलटतपासणी कशाला? वकिलातीच्या माणसाला तुम्ही धरू शकत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जाऊ द्या ना त्याला."

"मनगटाला पट्टी कसली, शेठ?"

"केळीत कोयता लागला."

"बरं. काल सत्कारात पाहुण्यांनी भेट दिलेले ताईस तुम्ही दोघांनी आणलेत ना? ते पुराव्यात जमा करायचेत." तिनं आणखी एक ताईस डोमिंगोसपुढं ठेवला, प्रीतमला मिळालेला, रोवेनानं घरून आणलेला. तिघांना कापडाची एकेक पट्टी दिली. "घडी करून बांधून द्या."

डोमिंगोसनं साधी गाठ मारली. परेशनं दोन मारल्या, वर चिकटपट्टी मागितली. तुळशीदास दिल्लीला फोन करायच्या धमक्या देत होता. हात आपले आपण चालले होते. त्यानं पट्टीला पीळ दिला आणि टोकं आत खोचली.

"काशीराम, शेठच्या मनगटाची पट्टी सोडा."

तुळशीदासनं टेबलावरचा काचेचा जग काशीरामच्या डोक्यात फोडला आणि दाराकडे धाव घेतली. ज्ञानदानं पायात पाय घालून त्याला आडवा केला. दोघं काचांवरच लोळले, तिचा कोपर चिरला, पण तिनं त्याचा हात पाठीशी पिरगळून धरला. पट्टी सुटली. मनगटावर दातांची अर्धगोल खूण होती आणि मधला लचका गायब होता.

"प्रीतमच्या दातांत तुझं मांस आहे, शेठ," ती धापा टाकत म्हणाली. "जिभेचं नाही."

परेश तोंड उघडं टाकून बघत होता. "पण तुम्हाला कळलं कसं?"

"माझ्या बापाची पानवेलींची बाग होती. पानांच्या जुड्या केळीच्या खोडाच्या ओल्या सोपटानं बांधतात. सोपटाला गाठ मारली की ते तुटतं, म्हणून पीळ देऊन खोचायचं. जन्मभर तेच केलेला हात कापडालाही तेच करतो. प्रीतमच्या गळ्याला तसाच फास होता."

"पोरं पाठवणारा हाच," ती तुळशीदासकडे बघत म्हणाली. "काल भांडणात यानं विघ्नेशचं नाव ऐकलं. भाषा नाही कळली, नाव कळलं. बोभाटा होऊन वाणिज्यदूताची पाटी जायची, शिवाय तुरुंग. मग गाडीतला ताईस उचलला, प्रीतमला काहीतरी निमित्त काढून गोदामात बोलावलं. आणि खून कोणावर ढकलला? ज्याला आपण प्रश्नच विचारू शकत नाही त्याच्यावर. पाहुणा विमानात बसला की तपास संपला. हिशेब चोख होता. फक्त पाहुणा बसलाच नाही."

"तो गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?" तुळशीदास जमिनीवरून गुरगुरला. "एक पोरगा मेला म्हणून सगळ्यांनी बुडायचं?"

रोवेना पुढं झाली. सगळ्यांना वाटलं, आता ती त्याला लाथ घालणार. ती त्याच्या मनगटावरची दातांची खूण बघत राहिली.

साहेबांचा फोन आला. दिल्ली खूश होती. दोन्ही देशांचे संबंध सुरक्षित होते. ज्ञानदानं ऐकलं आणि फोन ठेवला.

डोमिंगोस रोवेनासमोर येऊन उभा राहिला. इंग्रजीत काही बोलायला गेला, शब्द सापडेनात. मग तो पोर्तुगीजमध्ये बोलू लागला. बराच वेळ बोलला. गालावरच्या रक्तात पाणी मिसळत होतं.

"काय म्हणतोय हा?" रोवेनानं विचारलं.

ज्ञानदानं परेशकडे बघितलं, परेशनं मान हलवली. हॉलमध्ये कुणालाच ती भाषा येत नव्हती.

"माझ्या प्रीतमला कळलं असतं," रोवेना म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच तिनं हंबरडा फोडला.