ड्रायव्हरमागची सीट

“ताई, हिमानीला ओसाकात काय काय दाखवू? ती माझ्याशी बोलतच नाही हो...”

रुपालीने विचारलं आणि नीलांबरीची पोळी तव्यावर तशीच करपली.

बारा वर्षांपूर्वी भावाची, देवची, बायको वारली, तेव्हा ठरलेलं लग्न मोडून नीलांबरी परदेशात, सनीव्हेलच्या या अपार्टमेंटमध्ये राहायला आली आणि चिमुकल्या हिमानीची आत्या नव्हे, आईच झाली. रविवारी दोघी कॅलट्रेन या दुमजली लोकलच्या वरच्या डेकवर बसायच्या. शेवटचं स्टेशन येईपर्यंत बोलायचं नाही आणि उतरल्यावर मनातलं सगळं सांगून टाकायचं, हा त्यांचा नियम. ओसाकाची ट्रिपसुद्धा दोघींनी अशीच, उतरल्यावर गप्पा मारत आखलेली. आता देवने रुपालीशी दुसरं लग्न केलं होतं, आणि नव्या आईशी मुलीचं जमावं म्हणून ते तिघं ओसाकाला निघाले होते. तिघंच... आत्याला कुणी साधं विचारलंही नव्हतं!

“थीम पार्कला ने. दिवसभर,” नीलांबरी म्हणाली. “गर्दी तिला फार आवडते.”

खोटं. साफ खोटं. गर्दीत हिमानीचा श्वास कोंडतो, हात गार पडतात, हे नीलांबरीइतकं कुणाला ठाऊक होतं? रडत येऊ दे पोरीला माझ्याच कुशीत... त्या जखमी हृदयाने त्या क्षणी खरंच एवढंच मागितलं.

पण एअरपोर्टला ड्राइव्ह करताना आरशात मागच्या सीटवरची हिमानी दिसली, हेडफोन लावून नखं खाणारी, आणि नीलांबरीला राहवेना. चेक-इनच्या रांगेतून तिने रुपालीला बाजूला ओढलं.

“थीम पार्क कॅन्सल कर. गर्दीत तिला त्रास होतो. झालाच तर काही विचारू नकोस, नुसता हात धर. मत्स्यालयात सकाळी उघडल्या उघडल्या जा, व्हेल शार्कसमोर हवं तेवढं बसू दे. आणि...” तिने एकदा रांगेतल्या हिमानीकडे पाहिलं. “तेन्नोजीहून एक जुनी ट्राम सुमियोशीच्या देवळाकडे जाते. ड्रायव्हरमागच्या सीटवर बसा. उतरेपर्यंत बोलायचं नाही. देवळात अर्धचंद्रासारखा लाल पूल आहे, तो ओलांडला की ती आपणहून बोलेल.”

रुपालीचे डोळे भरून आले. “ताई, हे तुमच्या दोघींचं आहे ना?”

“होतं. मी सांगितलं म्हणू नकोस, माझी शपथ आहे.”

चार दिवसांनी संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. हिमानीच्या मागे तो लाल पूल. जरा दूर, चेहरा पडलेली रुपाली.

“आत्या, यू टोल्ड हर, राइट? ही ट्राम आपली होती. तू देऊन टाकलीस?”

एक ‘हो’ म्हटलं असतं, तर रुपाली परकीच राहिली असती आणि पोर रुसून का होईना, पुन्हा तिची झाली असती... फक्त तिची.

“मी कशाला सांगू? तिला तुझं मन कळलं असेल गं.”

हिमानीने फोन जवळ आणला. “रिअली? मग... शी ॲक्च्युअली गेट्स मी, आत्या.” मग मान वळवून ती ओरडली, “आई, थांब ना, आले!”

फोन बंद झाला. नीलांबरीने लॅपटॉप उघडून दूर दुसऱ्या राज्यातल्या बॉथेलच्या ऑफिसात, आजवर टाळलेल्या बदलीला होकार कळवला.

रविवारी ती कॅलट्रेनच्या वरच्या डेकवर बसली, शेजारची सीट पर्सने अडवून. नियमाप्रमाणे शेवटच्या स्टेशनपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग उतरली... आणि कितीतरी वेळ प्लॅटफॉर्मवर तशीच उभी राहिली, सांगायचं सगळं घेऊन.