गाडीच्या पाठीवरचा अंधार

दोन माणसं एकमेकांच्या अगदी उलट बोलत होती आणि दोघंही खरं बोलत होती. असं कसं होईल, असं तुम्ही म्हणाल. काजरेघाटातही सगळे हेच म्हणत होते, आणि स्वतःला शहाणे समजणारे जरा जास्तच मोठ्यानं.

गोष्ट फार लांबच्या काळातली नाही. आज जी पोरं रांगताहेत ती शाळेत जायला लागतील तेव्हाची. घाटमाथ्यावरच्या धनगरवाड्यांतली पोरं खालच्या शाळेत नेणारी विजेवरची गाडी सारजा वरक चालवायची. तिची लेक तानी सहावीत. श्रावणातल्या एका सकाळी पोरं शाळेत सोडून सारजा रिकामी गाडी घेऊन वर येत होती. धुकं असं, की आपला हात आपल्यालाच परका वाटावा. तेवढ्यात मागून दुधाचा टेम्पो येऊन धडकला. कॅन रस्त्यावर लोळले, गाडीचा मागचा पत्रा आत गेला. माणसं वाचली, एवढं बरं झालं.

टेम्पोवाला गंगाराम म्हणाला, गाडीला एकही दिवा नव्हता, असता तर मी आंधळा आहे का? सारजा म्हणाली, गाडी सुरू झाल्यापासून दिवे लागलेले होते, कडेच्या पांढऱ्या दगडांवर त्यांचा उजेड मी या डोळ्यांनी पाहिला. गंगाराम काही खोटारडा माणूस नव्हे. दुधात पाणी न घालणारा माणूस आहे तो. आणि सारजानं खोटं बोलावं, तर तिला भीती कुणाची?

वाहतूक समितीचे साहेब सोमवारी निकाल द्यायला येणार होते. दिवे न लावता गाडी हाकली असं ठरलं, तर सारजाच्या हातातली गाडी जाणार, आणि धुकं सरेपर्यंत, म्हणजे पार दसऱ्यापर्यंत, घाटात शाळेची गाडीच बंद. आता तुम्हीच सांगा, दसऱ्यापर्यंत घरी बसलेली पोरगी पुन्हा शाळेत जाते होय? तिच्या हातात म्हशी हाकायची काठी आली की वही सुटलीच. तानीला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सारजा गप्प बसणारी बाई नव्हती. तिनं कुठूनसे दोन जबर दिवे आणले, टपावर बांधले आणि वरून पिवळा कागद चिकटवला. कंदील जितका उंच तितका उजेड लांब, असा तिचा साधा हिशेब. रविवारी घाटात धुकं उतरताच तानीला शेजारी बसवून ती निघाली. पहिल्या वळणावर दिवे लावले आणि समोर पिवळट भिंत उभी राहिली. जणू कुणी काचेवर पिवडी फासली. रस्ता तर गेलाच, गाडीचं नाकसुद्धा दिसेना. सारजानं दिवे विझवले आणि गाडी हळूच कडेला घेतली.

त्या वळणावर दगडू राहायचा. दगडू म्हणजे कोसळलेल्या दरडी उचलायला ठेवलेला यंत्रमानव. जाडजूड हात, गुडघ्यात कुरकुर, आणि स्वभाव असा की विचारल्याशिवाय अवाक्षर बोलायचा नाही. अशी माणसं असती तर निम्मी भांडणं मिटली असती.

तानी खाली उतरली आणि तिनं विचारलं, दिवे मोठे लावले तर जास्त दिसायला हवं, मग कमी का दिसलं?

दगडू तिला मजुरांच्या शेडमध्ये घेऊन गेला. तिथं चुलीवर पातेलं खदखदत होतं. पलीकडे एक डबा ठेवून त्यानं तानीच्या हाती टॉर्च दिली. आधी कपाळाजवळ धरायला लावली. वाफ लखलखली, डबा गायब. मग टॉर्च गुडघ्याशी, वाफेच्या खालून धरायला लावली. तानीनं पाहिलं तर डब्याचं बूड स्वच्छ दिसत होतं.

मग त्यानं समजावलं. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. प्रत्येक थेंब त्याच्यावर पडलेला उजेड इकडेतिकडे उधळतो (याला प्रकाशाचं विकिरण म्हणतात), आणि त्यातला थोडा परत आपल्याकडेच येतो. दिवा डोळ्याजवळ असला तर आपण ज्या रेषेत बघतो तेच थेंब उजळतात, आणि आपण रस्त्याऐवजी ते थेंबच बघत बसतो. दिवा खाली नेला, त्याचा उजेड आडवा पसरून रस्त्यावरच पाडला, की उजळलेलं धुकं नजरेच्या खाली राहतं. आपण त्याच्यावरून बघतो. म्हणून फॉग लाइट (धुक्यात लावायचे दिवे) बंपरपाशी, जमिनीलगत असतात, या गाडीलाही ते तिथंच आहेत.

सारजा दारातून ऐकत होती. तिनं विचारलं, मग माझ्या पिवळ्या कागदाचं काय?

दगडू म्हणाला, हे थेंब इतके मोठे असतात की पांढरा असो वा पिवळा, ते सगळ्या रंगांचा उजेड जवळजवळ सारखाच उधळतात. कागदानं उजेड थोडा अडतो, एवढंच. सारजानं टपावर चढून कागद टरकावला.

मग तानीनं पोटातला प्रश्न विचारला. त्या दिवशी खोटं कोण बोललं?

"कुणीच नाही," दगडू म्हणाला. "गाडी माझ्यासमोरून गेली. पुढे उजेड होता, मागे अंधार."

तिघं गाडीच्या मागे गेली. पुढचे दिवे लागलेले, आणि मागचे लाल डोळे, काचा शाबूत असूनही, मिटलेले. सारजानं या गाडीवर चार पावसाळे काढले होते, पण चालू गाडीच्या मागे जाऊन कोण बघतो? तिनं विचारलं, पुढचे लागतात, मग हे का नाहीत?

दगडूनं तेही उलगडलं. पुढे लागतात ते रनिंग लाइट (गाडी सुरू होताच दिवसाही आपोआप लागणारे दिवे). ते वाट दिसावी म्हणून नसतात, समोरच्याला गाडी दिसावी म्हणून असतात. मागचे लाल दिवे मोठ्या दिव्यांबरोबर लागतात, आणि मोठे दिवे लावायचं काम सेन्सरकडे (उजेड मोजणारा गाडीचा डोळा). अंधार पडला की तो दिवे लावतो. पण दिवसाचं धुकं दुधासारखं पांढरं. सेन्सरला वाटलं, लख्ख दिवस आहे. त्याचाही दोष नाही, त्याला उजेड मोजायला शिकवलंय, धुकं नाही.

तानी म्हणाली, "आई, रान उतरताना आपण घंटा कुठल्या म्हशीला बांधतो?"

"शेवटच्या. मागून येणाऱ्याला कळप कुठवर आहे ते कळायला नको?"

"या गाडीनं घंटा पुढच्या म्हशीला बांधलीय."

सारजानं लेकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "उद्या साहेबासमोर हे असंच सांगायचं. माझ्यासारखं तापून नको."

सोमवारी साहेब आले. तानीनं घाबरत सुरुवात केली, पण घंटेपाशी येईतो तिचा आवाज मोकळा झाला होता. साहेबांनी चष्मा पुसला, दगडूला दोन-चार प्रश्न विचारले आणि दिव्यांचा नियम बदलायची परवानगी दिली. मात्र चाचणी आपल्यासमोर, आणि ती फसली तर गाडी तिथंच जमा. वायरी तोडायच्या नव्हत्या. कोणता दिवा कधी लागायचा ते गाडीच्या संगणकात लिहिलेलं असतं, दगडूनं तेच नव्यानं लिहिलं. आता फॉग लाइटचं बटण दाबलं की मागचे लाल दिवे सोबत लागणार, त्यांच्याबरोबर धुक्यासाठी गाडीला मुळातच असलेला एक जादा जळजळीत लाल दिवाही. रनिंग लाइट मात्र मंद होणार, म्हणजे समोरचं धुकं उगाच उजळायला नको. आणि चालवणारा विसरलाच, तर कॅमेरा कडेचे पांढरे दगड बघेल. पुढचा तिसरा दगड दिसेनासा झाला की गाडी हे सगळं आपणहून करेल. धुकं सरलं की जादा लाल दिवा विझणार, कारण स्वच्छ हवेत तोच मागच्याचे डोळे दिपवतो.

सारजा पुढे निघाली. मागे गंगारामच्या टेम्पोत साहेब, आणि त्या दोघांच्या मधे तानी. टेम्पो अगदी बैलगाडीच्या चालीनं चालला होता. आधी जुनाच नियम चालू ठेवला होता. चार हातांवरची गाडी धुक्यात अशी विरली की साहेबांनी समोरचा दांडा घट्ट धरला. गंगारामनं ब्रेकवर पाय ठेवला.

तानीनं फोनवर आईला फक्त "आता" म्हटलं.

धुक्यात आधी एक लाल ठिपका उमटला, मग त्याच्या दोन्ही अंगाला दोन. ते हलले, वळणाबरोबर वळले. गाडी कुठं आहे, किती लांब आहे, कुणीकडे चाललीय, सगळं कळत होतं.

गंगारामनं ब्रेकवरचा पाय काढला. "त्या दिवशी एवढं जरी दिसलं असतं," तो म्हणाला.

वर पोचल्यावर साहेबांनी लांबण लावली नाही. चूक सारजाचीही नाही, गंगारामचीही नाही. गाडी उद्यापासून सुरू, आणि हाच नियम घाटातल्या प्रत्येक गाडीला. सारजा म्हणाली, प्रत्येक म्हणजे तुमच्याही. साहेब हसले आणि आपल्या गाडीच्या मागे बघायला गेले.

तानीला मात्र नवीनच शंका आली होती. म्हशीला कुठं दिवा असतो? धुक्यात रस्त्यावर म्हैस बसली असली तर? दगडूनं सांगितलं, उजेडाहून लांबलचक अशा लहरी असतात (रडारच्या लहरी म्हणतात त्यांना), त्या थेंबांना न जुमानता पार जातात आणि म्हशीवर आपटून परत येतात. पण म्हैस आणि दरडीचा दगड यांतला फरक त्यांना अजून नीट कळत नाही. तो शिकवायला कुणीतरी हवं.

दुसऱ्या दिवशी धुकं तसंच होतं. गाडी वाड्यावाड्यांवर थांबत पोरांनी भरली. तानी मागच्या काचेपाशी बसली होती, गंगारामचा टेम्पो बेतानं अंतर ठेवून येत होता. म्हशीवर आपटलेली लहर आणि दगडावर आपटलेली लहर यांत काय वेगळं असेल, हे आज विज्ञानाच्या बाईंना विचारायचं, असं तिनं ठरवलं. बाईंना येत नसलं तर दोघींनी मिळून शोधायचं. शाळा काही कुठं पळून जात नव्हती.