तक्ता बदलून घ्या

स्वतःच्याच चष्म्यावर बसणारी माणसं जगात थोडी असतात, पण असतात. ती त्यांतलीच. एका हातात काच आणि दुसऱ्या हातात मोडकी दांडी घेऊन ती चष्म्याच्या दुकानात शिरली आणि आरशातल्या स्वतःच्याच धूसर आकृतीला म्हणाली, "जरा ऐकता का?"

"इकडे," काउंटरमागून आवाज आला. "आरशातल्याइतका देखणा नाही मी... पण दुकान माझंच आहे."

तिला हसू आवरेना. तो डोळे तपासायचा, चष्मे बनवायचा. ती वाचनालयातली जुनी पुस्तकं शिवायची. चष्म्याशिवाय सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता. त्याने एकेक फ्रेम तिच्या नाकावर चढवून पाहिली.

"यात मी अगदी हेडमास्तरीण दिसते."

"मग मी बाकावर उभा राहतो."

चष्मा झाला. दुसऱ्या दिवशी ती दांडी घट्ट करायला आली, तिसऱ्या दिवशी सैल करायला. तोही बेटा काही कमी नव्हता; स्क्रू मुद्दाम अर्धाच फिरवायचा. महिनाभर हे असंच चाललं. संध्याकाळी वडील तिला न्यायला येत आणि भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याला अगदी खेटून खुर्ची ओढून बसत. तिला वाटायचं, बाबांचं लक्ष आपल्या दोघांवर आहे.

वडील म्हणजे बसकाका. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवणारे. दरवर्षी त्यांना डोळे तपासून दाखला घ्यावा लागायचा, आणि यंदा तो याच दुकानातून मिळणार होता.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी दाढी करता करता बाबा काहीतरी पुटपुटत होते. "र, ग, प... न, त, ल, म..." तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. ती दुकानातल्या तक्त्याची सगळ्यात खालची ओळ होती.

"बाबा, तुम्हाला नीट दिसतं ना?"

"न दिसायला काय झालं? आई गेल्यावर तुझ्या वेण्या याच डोळ्यांनी घातल्यात मी."

त्या वेण्या आठवून तिला भरून आलं, आणि मग हल्ली कपाबाहेर सांडणारा चहा आठवला. बसमधली चाळीस पोरंही आठवली. दुपारी ती दुकानात गेली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उद्या बाबा येतील... तक्ता बदलून घ्या. का ते विचारू नका."

तो तिच्याकडे बघत राहिला. "नाही विचारत."

नव्या तक्त्यावर बाबांना वरची दोनच अक्षरं वाचता आली. डोळ्यांचा पडदा झिजला होता, चष्म्याने भागण्यातलं नव्हतं. दाखला मिळाला नाही. बाबांचा तोल गेला. "माझ्या मुलीच्या मागे-मागे करतोस आणि माझ्याच पोटावर पाय देतोस? कुणी सांगितलं तुला तक्ता बदलायला?"

"मीच बदलला, काका," तो खाली मान घालून म्हणाला.

ती दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं, आणि तोंडातून शब्द काढला नाही.

"त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकायचं नाही," बाबांनी बजावलं. चार दिवस ती गेली नाही. पोरांचा जीव जपला याचं तिला वाईट वाटत नव्हतं. पण शिव्या त्याने खाव्यात आणि लाडकी लेक म्हणून आपण मिरवावं, याची लाज वाटत होती.

पाचव्या दिवशी दाखल्याअभावी दारात उभी असलेली बस बाबा उगाचच पुसत होते. ती शेजारी जाऊन उभी राहिली.

"बाबा, तक्ता मी बदलायला लावला."

फडका थांबला. "तू?"

"तुमच्याशी बोलायची हिंमत नव्हती माझ्यात. म्हणून त्याला पुढे केलं."

बाबा बसच्या पायरीवर टेकले. म्हणाले, "गेल्या महिन्यात शाळेच्या वळणावर एक चिमुरडी आडवी आली होती. मला दिसलीच नाही गं. मागून पोरं ओरडली म्हणून ब्रेक लागला. तेव्हापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही... आणि तरी मी अक्षरं पाठ करत बसलो."

तिने त्यांचा हात धरला.

"रागावलात माझ्यावर?"

"रागावलोय. आधी मला सांगायचं होतंस." त्यांनी फडक्यालाच डोळे पुसले. "त्या पोराला मी वाट्टेल ते बोललो. घेऊन ये त्याला."

ती तशीच निघाली. दुकानात तो एकटाच काच घासत बसला होता.

"बाबांनी बोलावलंय."

"मारणार का?"

"नेम लागला तर."

तो हसला, मग गंभीर झाला. "त्यांना सांगितलंत? माझ्या तोंडून कधीच बाहेर पडलं नसतं ते."

"माहितीये. म्हणून तर मलाच सांगावं लागलं."

"हे चार दिवस..." त्याने काच बाजूला ठेवली. "वाटलं, गेलात तुम्ही. तक्ता बदलल्याचा पश्चात्ताप होईना, आणि तुमच्याशिवाय या दुकानात बसवेना. लग्न कराल माझ्याशी?"

तिचा चेहरा लाल झाला. "हे बाबांच्या समोर विचारा. त्यांच्या पाठीमागे आता मी काहीही करणार नाही."

"आणि उत्तर?"

"तेही तिथेच देईन," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून त्याला दुकानाबाहेर घेऊन निघाली.