पिंजौरपर्यंत सोबत

“मौन म्हणजे नुसतं तोंड मिटणं नव्हे हो वंदना. खाणाखुणा नाहीत, मान डोलावणं नाही. धरलंस तर पुरतं धर.”

वाईच्या नीलाआत्याने हे बजावलं त्याला वीस वर्षं झाली. वंदना दर मार्गशीर्षात ते पाळत आली होती. सेक्टर बावीसमधल्या घराचा जिना उतरल्यापासून सेक्टर तीसच्या शंकराच्या देवळाची पायरी शिवेपर्यंत एक शब्द नाही. देवळापलीकडे तिची बालवाडी. तिथे मग दिवसभर बोलणंच बोलणं. सायकलवरची ती पंधरा मिनिटं तेवढी तिची आणि देवाची.

चंडीगडला धुकं उतरलं की रस्त्यांना मागचं-पुढचं राहत नाही. सरळ रस्ता, गोल चौक, पुन्हा तसाच सरळ रस्ता. खांबावरचे दिवे कापसात गुंडाळून ठेवल्यासारखे. सायकल ट्रॅकवर चाकाखाली ओली पानं, मफलरमध्ये आपलाच ऊन श्वास, आणि मनात जप. माळेइतका जप झाला की एक चौक मागे पडायचा, इतकं ते अंगवळणी पडलेलं.

त्या मंगळवारी शेजारून एक सायकल चालू लागली. जुनी काळी लेडीज सायकल, मरून शाल पांघरलेली पन्नाशीची बाई.

“बहनजी, पिंजौर तक साथ चलोगी? अकेले रास्ता नहीं कटता।”

पिंजौर म्हणजे डोंगरपायथ्याचं गाव, वीस-बावीस किलोमीटर, तेही पार उलट्या दिशेला. एरवी वंदनाने हसून सांगितलं असतं, मला इथंच वळायचंय. पण तोंड तर मिटलेलं. बाई बघत राहिली. उत्तर न देता पुढे जाणं वंदनाला उद्धटपणाचं वाटलं, आणि तिने मान डोलावली.

“पक्का?”

पुन्हा डोलावली. देवळाच्या पायरीला हात लावताना तिला आत्या आठवली आणि ती मनातल्या मनात ओशाळली. त्या दिवशी दोन बेलपानं जास्त वाहिली.

दिवाळीत तिच्या लेकीने, अपूर्वाने, सायकलला किलोमीटर मोजणारा मीटर बसवून दिला होता. देवळापर्यंत रोज साडेतीन व्हायचे. बुधवारी सात झाले. गुरुवारी अकरा. बालवाडीत मात्र ती नेहमीच्याच वेळेला पोचली होती.

“मीटरचं चाकावरचं चुंबक सैल झालं असेल,” शिशिर म्हणाला. तिच्या नवऱ्याचा जन्म प्रयोगशाळेत यंत्रं पारखण्यात गेलेला. त्याने सायकल उलटी केली, चाकाचा घेर मोजला, वीस वेळा फिरवून पाहिलं. “मीटर चोख आहे. तूच झोपेत सायकल चालवतेस, बाईसाहेब.”

“मम्मी चुपके से रेस लगाती है, पापा!” अपूर्वा खिदळली.

वंदनाही हसली. शुक्रवारचं तिने कुणाला सांगितलं नाही. शुक्रवारी चौक आलाच नाही. एका माळेचा जप झाला, दुसरीचा झाला, तिसरीचा झाला. झाडं संपली. डावीकडे धुक्यात डोंगराची काळी कड दिसली आणि चुलीच्या धुराचा वास आला. बाई शेजारीच होती, पायडल न मारता. मग घंटा वाजली, आणि समोर देवळाची पायरी. घड्याळात साडेसात, रोजच्यासारखे.

सोमवारपासून वंदना शिशिरच्या स्कूटरवर मागे बसून जाऊ लागली. गुडघा दुखतो, म्हणाली. तीन दिवस शांततेत गेले.

गुरुवारी संध्याकाळी ती पोळ्या करत होती. अपूर्वा ओट्याला टेकून गाजर खात होती. तिची सायकल पंक्चर, म्हणून सकाळी कॉलेजला आईची घेऊन गेली होती.

“मम्मी, ट्रॅक पे एक आंटी मिली. मरून शॉल. पूछ रही थी, मम्मी नहीं आती तो तू चलेगी?”

पोळी तव्यावरच राहिली.

“तू काय म्हणालीस?”

“आधा ही सुना यार, कानों में गाने थे. पीछा छुड़ाने को बस यूँ कर दिया.” आणि तिने मान डोलावून दाखवली.

वंदनाने पिठाच्या हातानेच तिची हनुवटी घट्ट धरली.

“अरे! क्या हुआ?”

“काही नाही गं. कधी यायचं म्हणाली?”

“कल.”

पोळी जळल्याचा वास घरभर झाला. शिशिर आतून ओरडला, “आज होम आहे का?”

त्या रात्री देवापुढची समई विझेपर्यंत वंदना बसून होती. तोंडाने दिलेला शब्द असो की मानेने, दिला तो दिला. आपला आपण पाळायचा, ह्यात तिला शंका नव्हती. पण लेकीचा?

सकाळी तिने थर्मासमध्ये शिशिरचा चहा भरून ठेवला. अपूर्वाच्या अंगावरची रजई गळ्यापर्यंत ओढली. मग सायकल उचलून, साखळी वाजू न देता, एकेक पायरी उतरली.

बाई पहिल्याच चौकात उभी होती.

वंदनाने वीस वर्षांत पहिल्यांदा व्रताच्या वेळी तोंड उघडलं.

“मैं आ गई। बेटी को छोड़ दो।” पुढचं हिंदी तिला सुचेना. “तिचा शब्द माझ्यातच धरा.”

बाईने शाल खांद्यावर सारखी केली.

“चलो, फिर।”

वंदनाने सायकलचं तोंड उत्तरेकडे वळवलं.

ट्रॅकवर रात्रभरचं दव पांढरं साचलं होतं. दोघी जोडीने निघाल्या. काही अंतर गेल्यावर वंदनाने घराच्या दिशेला एकदा मागे वळून पाहिलं.

दवावर चाकांची एकच रेघ उमटली होती. ती बाईच्या सायकलची होती.